दाराकडे पाहणारा वर्ग

माझा पहिला सराव पाठ एका कुत्र्याने बुडवला, आणि तो कुत्रा तिथे नव्हताच.

स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षं झाली असतील. चांद्याच्या नॉर्मल स्कूलमधल्या आम्हा होऊ घातलेल्या मास्तरांना पंधरा दिवसांसाठी अहेरीकडच्या एका गोंडांच्या गावी नेलं होतं. मी पोंभुर्ण्याकडच्या धानकऱ्याच्या घरातला, सातवी पास, आणि त्याची मस्ती डोक्यात. पहिलीच्या पोरांना चिंचोके मोजायला शिकवायचं, त्यात काय एवढं!

"तीन अन् दोन किती?" मी बोटांनीही दाखवलं. पुढे बसलेल्या मुलीने चार चिंचोके उचलले.

"नाई," मी म्हणालो.

सगळा वर्ग दाराकडे पाहू लागला. मुलीने घाबरून सहा उचलले. "नाई, नाई!" दोन पोरं उठून अंगणात डोकावून आली आणि मान हलवत जागेवर बसली. मला वाटलं, ही कारटी ठरवून माझी फिरकी घेताहेत. मी इतक्या जोरात ओरडलो, की त्या मुलीच्या हातातले चिंचोके सांडले आणि ती रडायला लागली. मागे बसलेल्या आमच्या गुरुजींनी वहीत लिहिलं, वर्गावर ताबा नाही.

लाज वाटली आणि रागही आला. मोठ्या भावाने वरोऱ्याच्या कापसाच्या जिनात माझ्यासाठी काम पाहून ठेवलंच होतं. दुपारी पोस्टकार्ड लिहिलं, 'मले मास्तरकी जमत नाई. जिनातलं काम पक्कं करा, मी येऊन राह्यलो.' कार्ड खिशात घातलं. दुसऱ्या दिवशी डाकवाला यायचा होता, त्याच्या हाती द्यायचं ठरवलं.

त्याच दुपारी गुरुजींनी एका पाहुण्यांचं भाषण ठेवलं होतं. पुढच्या गावातले मास्तर, सायकलवरून आलेले, धोतराला चिखल. मी मागे बसलो, मधेच उठून जाता यावं म्हणून. त्यांनी ना नमस्कार केला, ना घसा खाकरला.

"मी पयल्या वर्षी लेकराइले रोज कुत्रा म्हणून राह्यलो," ते म्हणाले. "गोंडीत कुत्र्याले म्हणतात नई. आपली नाई अन् त्याइची नई, कानाले एकच. लेकरू चुकलं का मी म्हणो नाई, अन् ते बिचारं कुत्रा कुठी आला म्हणून पाहे. मी त्याले मारो."

सगळे खो खो हसले. मला हसू आलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे ते सांडलेले चिंचोके आले. भाषण पुढे तासभर चाललं, त्यातलं बरंच आता विसरलो. पण ते स्वतःवर हसता हसता मधेच थांबले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मारलेलं वापस घेता येत नाई ना, भाऊ. मंग मी त्याइले म्हटलं, आता तुमी मले शिकवा. रोज एक शब्द." एवढा मोठा माणूस आपली चूक अशी चारचौघांत सांगतो, हे मी कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांच्यासारखं व्हायचं होतं, अगदी मनापासून.

सकाळी गुरुजींकडे पुन्हा एक पाठ मागितला. "डाकवाला येऊन राह्यला ना आज?" ते म्हणाले. खिशातल्या कार्डाचं त्यांना कसं कळलं होतं कोण जाणे. पण पाठ दिला.

आधी मान हलवून वर्गाला खुणेने समजावलं, माझी नाई म्हणजे चुकलं, कुत्रा नव्हे. मग मी त्या मुलीसमोर खाली बसलो, पाण्याचा लोटा पुढे ठेवला आणि पाण्यात बोट बुडवून खुणेने विचारलं, तुमच्यात याला काय म्हणतात? तिने आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मारणार तर नाही ना म्हणून. मग पुटपुटली, "एर."

लिहून घ्यायला दुसरा कागद नव्हता. खिशातलं पोस्टकार्ड काढलं आणि भावाच्या पत्त्यावरच मोठ्या अक्षरात तो शब्द मला ऐकू आला तसा लिहिला. मग वर्गाकडे वळून ऐटीत म्हणालो, "हेर!"

मुलगी हसली. मान हलवून, अगदी मास्तरासारखी, मला म्हणाली, "नाई."

या वेळी दाराकडे कुणीच पाहिलं नाही.