गच्चीवरची ऋषीची भाजी

ऋषीपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हा नेम आमच्या नायगावच्या बिल्डिंगमधल्या बायका अजून पाळतात. बाजारातली भाजी कुठल्या शेतातली, कुणाला ठाऊक. माझी मात्र गच्चीवर, निळ्या ड्रमांत, माझ्याच हातची. अळू, लाल माठ, दोडका, भेंडी. एरवी 'गच्चीत चिखल करते' म्हणून नाक मुरडणाऱ्यासुद्धा त्या दिवशी गोड बोलून भाजी नेतात. मीही मोठ्या तोऱ्यात वाटते.

यंदा सकाळी वाटून झाली आणि लिफ्टजवळ वॉचमन सहज म्हणाला, "मॅडम, परसों आपके ड्रम में भी मच्छर की दवाई मारी है." गणपतीत पाहुणे येतात म्हणून सोसायटीने फवारणी करून घेतली होती. मला सांगायची तसदी कुणी घेतली नव्हती.

दारोदार धावले. नैवेद्याआधी चव बघायची नाही, म्हणून वाचलो. सगळ्यांनी भाजी परत केली, दोघींनी वर चार शब्द सुनावले. राहिल्या सर्वांत वरच्या मजल्यावरच्या आजी. एकट्या राहतात. त्यांचा नैवेद्य लवकर होतो, हे मला जिन्यातच आठवलं.

"जेवले गो मी," दार उघडत त्या म्हणाल्या. "किती वर्षांनी अशी भाजी खाल्ली."

मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. "मग आता काय, पोट धुवून घेऊ?" त्या म्हणाल्या. मला हसूही येईना. ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, भाजी धुऊन शिजवलीय, बहुतेक काही होणार नाही, पण वय बघता संध्याकाळपर्यंत एकटं सोडू नका, त्रास झाला तर लगेच घेऊन या.

मी तिथेच बसले. मळमळतंय का, गरगरतंय का, विचारून विचारून त्यांना भंडावून सोडलं. त्यांना झोप लागली तेव्हा तर फारच भीती वाटली. श्वास चालतोय ना, हे बघायला सारखी उठून जवळ जात होते.

दिवेलागणीला त्या जाग्या झाल्या. ठणठणीत होत्या. मी सुटकेचा निःश्वास टाकून चपला शोधू लागले.

"निघालीस?" त्या म्हणाल्या. "मुलगा येतो, तोही एवढा वेळ बसत नाही. जरा मळमळतंय म्हणून सांगू काय?"