बिनवशिंडाचं जनावर

आमच्या घरात घोड्यातलं कुणालाच काही कळत नव्हतं. बैलातलं मात्र सगळ्यांना कळायचं, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

माझे थोरले चुलते, ज्यांना अख्खं गाव आबा म्हणायचं, ते बैलाचे दर्दी. कराडपासून इस्लामपूरपर्यंत कुणाला खिलार खोंड घ्यायचं झालं की आबांना न्यायला माणूस यायचा. आबा बाजारात नुसते बैलामागून चालत गेले तरी व्यापारी दर उतरवायचे, असं आबाच सांगायचे. कुणाच्या घरी पाहुणे म्हणून गेले तरी आधी गोठ्यात शिरायचे आणि मग माणसांची खुशाली विचारायचे. माझी सोयरीक बघायला गेले तेव्हाही त्यांनी घरी येऊन आधी सांगितलं ते व्याह्यांच्या बैलांबद्दल. पोरगी कशी आहे ते काकूंनी तीनदा विचारल्यावर म्हणाले, "बरी हाय की. गोठा झाडलेला हुता."

तर एकोणीसशे सत्तरनंतरच्या कुठल्याशा पावसाळ्यात हे आबा मळ्याच्या बांधावरून घसरले आणि त्यांच्या खुब्याला मार बसला. दुखणं बरं झालं पण हातात काठी आली. मळा गावापासून लांब. मधे ओढा, आणि ओढ्यापलीकडे उसातून जाणारी पायवाट. ओढ्यापर्यंत बैलगाडी जायची, पण तिच्या धक्क्यांनी आबांचा खुबा बोंब मारायचा. त्यामुळं आबा घरी बसले. म्हणजे दारातल्या बाजल्यावर बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून मळ्याची चौकशी करू लागले. पाणी कुठल्या सरीत हाय? बांधावरची हराळी काढली का? एकदा त्यांनी परगावच्या पोस्टमनलाही विचारलं.

मळा आता आबांचा थोरला मुलगा बघत होता. त्याला आम्ही दादा म्हणायचो. दादा वाईट नव्हता, पण बापाच्या नजरेखाली चाळिशी गाठलेला माणूस. त्या दोनतीन महिन्यांत मी दादाला पहिल्यांदाच शीळ घालताना ऐकलं.

एके सकाळी आबांनी जाहीर केलं, "मी घोडा घेतो."

काकूंनी चुलीकडनंच विचारलं, "बाशिंग बी घेताय काय?"

"मळ्याला जायला गं. हाडं हाईत तंवर मी मळा सोडत न्हाई."

दादानं थोडा विचार केला. शीळ वाचवायची होती. "घ्या की आबा. पर एक ठरवू. घोड्यावर बसून मळ्यापातूर पोचलासा, तर रोज जावा. मी ब्र काढणार न्हाई. न्हाई जमलं, तर परत मळ्याचं नाव काढायचं न्हाई. हितं बसून हरी हरी."

"आईसमोर बोल."

"बोललो की. ती काय बहिरी हाय?"

काकूंनी साक्षीदार होणं कबूल केलं, पण त्यांची एक अट होती. "तरणं जनावर नको. म्हातारं बघा, तुमच्यासारखं. पर शांत बघा. तुमच्यासारखं नको."

घोडा पारखायला आबांबरोबर दोन तज्ज्ञ द्यायचे ठरले. पहिला तज्ज्ञ आबांचा धाकटा मुलगा. तो मिलिट्रीत होता आणि रजेवर आला होता. गाव त्याला फौजी म्हणायचं. तिथं तो ट्रक चालवायचा, पण काकूंच्या मते मिलिट्री म्हणजे घोडे. दुसरा तज्ज्ञ मी. माझी लायकी अशी, की आमच्या भिंतीवर माझा घोड्यावर बसलेला फोटो होता. शाळेच्या सहलीत पाचगणीला, टेबललँडवर काढलेला. त्यात मी फार ऐटीत दिसतो. घोड्याचा लगाम धरलेला माणूस आणि माझा पाय धरलेले गुरुजी फोटोवाल्यानं कृपा करून चौकटीबाहेर ठेवले होते. बी.ए. होऊन मी नोकरीची वाट बघत घरीच होतो, त्यामुळं रिकामाही होतो.

विकाऊ घोडा इस्लामपुरात एका बँडवाल्याकडं असल्याचं कळलं. वरातीचा घोडा. आताच्या नवरदेवांना फुलं लावलेली मोटार लागते, म्हणून तो बसून होता. आबांना हे फार पटलं. बँड, फटाके, दारू पिऊन नाचणारे व्याही, एवढं सोसलेलं जनावर शांतच असणार. आम्ही तिघं एस.टी.नं गेलो.

बँडमास्तर क्लॅरनेट वाजवायचे. जाड मिशा, पान आणि बोलणं अगदी मऊ. अंगणाच्या कडेला पत्र्याच्या शेडमधे त्यांची मंडळी लगीनसराईची तालीम करत होती. मधोमध घोडा उभा. पांढरा म्हणून ऐकलं होतं, तो धुऊन धुऊन विटलेल्या धोतरासारखा निघाला. आयाळीत जुन्या गोंड्यांची चार जरीची टोकं अडकलेली. डोळे अर्धवट मिटलेले.

आबांनी घोड्याभोवती एक फेरी मारली. मग उलटी मारली. त्यांचा चेहरा पडत चालला.

मला बाजूला घेऊन म्हणाले, "वशिंड न्हाई, शिंगं न्हाईत, गळ्याला पोळी न्हाई, खूर फाटल्यालं न्हाईत. आता बघायचं काय रं ह्याच्यात?"

मी पाचगणीच्या अनुभवावरून म्हणालो, "आबा, उंची बघा."

"उंची दिसतीया की."

शेवटी ते दातांवर आले. दात सगळ्याच जनावरांना असतात, या विश्वासानं त्यांनी घोड्याचा खालचा ओठ वाकवला, मोजलं आणि खूश झाले. "मास्तर, सहाच दात हाईत. आठ पायजेत. दोन पडल्यात. दोन दाताचं पैसं उतरा."

"आबा, घोड्याला सहाच असत्यात."

"मी आयुष्यभर जनावरं बघतोय," असं म्हणत आबांनी अंगठा वर सारला, आणि विंचू चावल्यासारखा हात मागं घेतला. "आयला! ह्याला वर बी दात हाईत!"

बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. आबांनी जन्मात हजारो तोंडं उघडली असतील, पण वरून कुणी त्यांना दात दाखवले नव्हते. बँडमास्तर शांतपणे म्हणाले, "मग त्या वरच्या सहाचं पैसं वाढवू का, आबा?"

दोन्ही पक्षांनी दातांचा विषय सोडला.

मग फौजी पुढं झाला. त्यानं घोड्याच्या चारी पायांना बुटानं हळूच टोकरून बघितलं, जसं टायरमधली हवा बघतात. खाली वाकून पोटाखालून काही गळतंय का ते पाहिलं. "लोड किती घेतो?"

"दोन मणाचा नवरदेव घेतलाय. वर बाशिंग आणि करवला."

"रिव्हर्स येतो?"

"व्याही भांडले की येतो."

आता माझी पाळी. सगळे माझ्याकडं बघत होते. मी घोड्याच्या कानात बघितलं. का, ते मला आजही सांगता येणार नाही. बराच वेळ बघितलं आणि गंभीरपणे म्हणालो, "ठीक आहे." बँडमास्तरांनीही उत्सुकतेनं त्या कानात डोकावून घेतलं.

"बसून बघा की आबा," ते म्हणाले. खुर्ची आणली. आम्ही दोघांनी आबांना खालून ढकललं. शेडमधे ढोल, झांजा आणि तीन ट्रंपेट जोरात चालले होते. आबा बसले आणि घोडा बदलला. मान कमानीसारखी, पाय तोलून तोलून, अंगणाला असा फेरा घातला की जणू आबाच गावचे जहागीरदार. आबांचे डोळे भरून आले. खुब्याला एक धक्का नाही!

"घेतला," आबा वरूनच म्हणाले, आणि सौद्यातली सगळी ताकद तिथंच घालवून बसले.

खाली उतरल्यावर त्यांना भान आलं. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हात घालून बोटं दाबून सांगतात. आबांनी बँडमास्तरांच्या हातावर उपरणं टाकलं आणि आतून त्यांची दोन बोटं करकचून दाबली. मास्तर घाबरले. आबांनी तिसरं दाबलं, मधलं वाकवलं.

"आबा, पाया पडतो, बोटं सोडा! सांच्याला क्लॅरनेट वाजवायचाय. सांगा तुमी, काय द्यायचं ते द्या!"

आबा परत येताना सारखे म्हणत होते, "बोटात सौदा करणारा अजून तरी माझ्यासारखा न्हाई." ओवाळल्याशिवाय नव्या जनावरावर बसायचं नाही म्हणून आबा एस.टी.नंच आले, आणि घोडा फौजीनं हातात दोरी धरून चालत आणला. तो मुकाट मागून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात गाव जमलं. काकूंनी घोड्याला कुंकू लावलं, ओवाळलं, नारळ फोडला. आबा चढले. दादा हाताची घडी घालून उंबऱ्यात उभा.

घोडा हलला नाही.

आबांनी टाच मारली, जीभ टाळ्याला लावून टक्क केलं. काही नाही. मग सवयीनं "हर्र, चल माझ्या राजा" झालं, तेही बैलांचंच. शेजाऱ्यानं मदत म्हणून मागून शेपूट पिरगाळलं. घोड्यानं मान वळवून त्याच्याकडं असं बघितलं, जसं मानपान राहिलेला व्याही बघतो. शेजारी सॉरी म्हणून मागं झाला.

"बॅटरी डाऊन हाय," फौजी म्हणाला. "धक्का स्टार्ट करू." आम्ही चौघांनी मागून खांदे लावले. घोडा आमच्यावर रेलून उभा राहिला. त्याला बरं वाटलं असावं.

दादा म्हणाला, "आबा, उतरा आता. ऊन वाढतंय."

आबा उतरेनात. वर बसून ते लांबवर, मळ्याच्या बाजूला बघत राहिले. सगळे हसत होते ते हळूहळू थांबले. काकू पदराशी चाळा करत म्हणाल्या, "थांब जरा. घाई काय हाय तुला?"

फौजीचा मात्र मूड गेला होता. धक्का मारून घामाघूम झाला होता. त्यानं कट्ट्यावर बसून आपला ट्रान्झिस्टर लावला. आधी खरखर झाली, मग कुठलंसं सिनेमातलं गाणं लागलं, आणि त्याच्या सुरुवातीलाच ट्रंपेट वाजला.

घोड्याची मान कमानीसारखी झाली.

पुढचा उजवा पाय उचलला गेला. मग डावा. आबा ओरडले, "चालतंय रं! आवाज वाढीव! पुढं हो, पुढं हो!" फौजीनं ट्रान्झिस्टर माझ्या हातात कोंबला आणि मी पळत सुटलो. मागं घोडा ठेक्यात पावलं टाकतोय, त्यावर आबा, मागं निम्मं गाव. बिचाऱ्याच्या पाठीवर जन्मात बँडशिवाय कुणी बसलंच नव्हतं. पुढं बँडमास्तरांना विचारलं तर तेही चकित झाले. "आवं, माझ्या तरी कुठं ध्यानात आलं? बँड वाजला न्हाई असं आमच्याकडं कवा झालंच न्हाई की."

ओढ्यापर्यंत तीन गाणी पुरली. पाण्याच्या ऐन मधोमध गाणं संपलं आणि बातम्या लागल्या. घोडा थांबला. मी गुडघाभर पाण्यात ट्रान्झिस्टर डोक्यावर धरून उभा. वर आबा. काठावर गाव. देशातल्या घडामोडी आम्ही सगळ्यांनी फार शांतपणे ऐकल्या. एक म्हातारा म्हणाला, "ह्या निमित्तानं ज्ञान बी मिळतंय."

"स्टेशन बदल की रं गाढवा!" आबा म्हणाले.

मी बदललं. कुणीतरी कापसावरच्या किडीबद्दल बोलत होतं. आणखी फिरवलं तर कानडीत भक्तिगीत. घोडा कानडीवर चालला. खरं तर जास्त चांगला चालला.

मळ्याच्या बांधावर आबांना खाली उतरवलं तेव्हा दादा पायवाटेनं धापा टाकत मागून आला. आबा काठी टेकत चार पावलं गेले, वाकले, मूठभर माती उचलून चुरली. मला वाटलं, आता हा माणूस रडणार. मी ट्रान्झिस्टर बंद केला.

"ह्या सरीत पाणी कुणी सोडलंय?" आबा कडाडले. "आणि ही हराळी? ही काय हराळी हाय का कुरण? बांध फुटलाय, दिसत न्हाई व्हय रं? तीन महिनं काय डोळं झाकून हिंडत हुतास?"

हे दुपारपर्यंत चाललं. मग आबांनी उद्या सकाळी लवकर निघायचं जाहीर केलं आणि मला नवे सेल आणून ठेवायला सांगितलं. घोडा आंब्याखाली झोपला होता. दादा माझ्या शेजारी बांधावर येऊन बसला. कितीतरी वेळ त्या घोड्याकडं बघत राहिला.

"तू पारखायला गेला हुतास न्हवं?" तो हळूच म्हणाला.

"व्हय."

"मग तो बँडवाला निम्म्या किमतीत परत घेतोय का, बघ की गड्या. निम्म्याच्या बी निम्मं चालंल."