एडिनबरोच्या किल्ल्याला नारळ

आमच्या घराण्यात हौसेनं प्रवासाला कुणी गेलेलं नाही. साताऱ्यात एसटी स्टँडसमोर अण्णांचं पंक्चरचं दुकान होतं. जगाला वाटेला लावायचं आणि आपण तिथंच बसायचं, हा आमचा धंदा. दुकानाच्या भिंतीच्या पत्र्याला भोक होतं, पावसात गळायचं. त्यावर अण्णांनी टायरवाल्या एजंटानं दिलेलं कॅलेंडर लावलं. (पाणी थांबलं नाही, पण कॅलेंडर राहिलं.) चित्र स्कॉटलंडातल्या एडिनबरोच्या किल्ल्याचं. वर्षं उलटली, पान उलटलं नाही. मी बारावीला असताना अण्णा म्हणाले, "शीक. मग मला हा किल्ला दाखव."

मी शिकले. घराण्यातली पहिली पदवीधर! हॉलंडात हूफडॉर्पला नोकरी लागली, आई-अण्णांना बोलावून घेतलं, एडिनबरोचा व्हिसा, तिकिटं सगळं जमवलं आणि कोरोना आला.

एडिनबरो राहिलं, परतीची विमानंही बंद झाली. त्यातच साताऱ्यात धाकटे काका गेले. अण्णांना भावाचं तोंडही बघता आलं नाही. त्या दिवसापासून त्यांचं बोलणं बंद. खिडकीशी खुर्ची आणि समोर विमानांवाचून रिकामं आभाळ. चहा? मान हलायची. जेवण? मान हलायची. आई मला स्वयंपाकघरात ओढून म्हणायची, "काहीतरी कर गं. एवढी शिकलीस ना?"

म्हणून मी एक गाईड शोधला. हा इयन एडिनबरोत एकटा फिरायचा आणि मोबाईलच्या कॅमेऱ्यातून जगाला थेट शहर दाखवायचा. रविवारी ऑफिसचा लॅपटॉप टीव्हीला जोडला. आईनं पहाटे उठून धपाटे बांधले.

"अगं, घरातच बसायचंय!"

"प्रवासाला निघताना घरचंच बरोबर घ्यावं." आणि तिनं अण्णांना माकडटोपी घातली. ("तिकडं गारठा असतो.")

इयन भर पावसात चालत होता. आईनं लगेच मला कामाला लावलं. "विचार त्याला, जेवलास का?" विचारलं. "विचार, लग्न झालंय का?" विचारलं नाही. बाकी प्रेक्षकांचे माईक बंद होते. आमचा चालू होता. (मी आयटीत आहे!)

शेवटी किल्ला आला. अगदी कॅलेंडरातला! अण्णा खुर्चीत पुढं सरकले. आणि इयन म्हणाला, माफ करा, कोरोनामुळं फाटक बंद आहे.

मी तेवढं मराठीत सांगितलं. अण्णा पुन्हा मागं टेकले.

आई मात्र हलली नाही. "बंद तर बंद. गडावर देवी असेलच की. विचार!"

इयन म्हणाला, वर एक छोटं चर्च आहे, फार पूर्वीच्या राणीच्या नावाचं. मी शिकलेली बाई, सोपं करून सांगितलं, "आहे. राणीचं छोटंसं देऊळ आहे."

झालं! "मग पायथ्यापर्यंत येऊन रिकाम्या हातानं माघारी फिरू?" आईनं टीव्हीला हळदकुंकू लावलं आणि इथल्या भारतीय वंशाच्या सुरिनामी माणसाच्या दुकानातून आणलेला नारळ पुढं केला. "आता हा फोडायचा कशावर?"

"आण इकडं."

मी आणि आई, दोघी थिजलो. अण्णा बोलले होते! ते उठले, चपला काढल्या, टोपी काढली, फाटकाला हात जोडले आणि पंक्चरवाल्याच्या हातानं नारळ टेबलाच्या कडेवर हाणला. एका फटक्यात दोन भकलं! पाणी सरळ लॅपटॉपात.

चर्र झालं. इयन गेला, किल्ला गेला, टीव्ही काळा.

अण्णांनी टेबलावरून ठिबकणाऱ्या पाण्याकडं पाहिलं. "हा किल्ला पहिल्यापासनं गळकाच," ते म्हणाले. आणि हसले. "बाळ्या दुकानात याच्याखाली डबा ठेवायचा. आठवतं?" बाळ्या म्हणजे काका. मग हसता हसताच ते रडले, पहिल्यांदा. आई पाठीवरून हात फिरवत राहिली. आम्ही खोबरं खाल्लं, धपाटे खाल्ले, आणि अण्णा संध्याकाळपर्यंत काकांबद्दल बोलत होते.

सोमवारी ऑफिसनं विचारलं, लॅपटॉप कशानं बिघडला? मी खरं तेच सांगितलं, "एडिनबरोला गेलो होतो, तिथं नारळ फोडला."

तर आमच्या घराण्यातला पहिला हौसेचा प्रवास असा पार पडला. अण्णांनी किल्ला पाहिला आणि अण्णा बोलायला लागले. पहिली पदवीधर मी. काम केलं नारळानं.