पूर्ण पत्ता

अर्धवट भरलेला फॉर्म पाहिला की माझं डोकं उठतं. वडील पुण्यात सरकारी कचेरीत होते. अपुऱ्या पत्त्यापायी लोकांची कामं कशी अडून बसतात, हे रोज जेवताना ऐकत मी मोठा झालो. इमारत, मजला, जिना आणि जवळची खूण नसेल तर तो पत्ताच नव्हे. ऑकलंडला आल्यावर नुसता घराचा नंबर आणि रस्ता लिहून पत्र पोचतं याचं मला कितीतरी दिवस नवल वाटायचं. सवय मात्र गेली नाही.

शहरातल्या एका लहान कंपनीत मी सर्व्हर सांभाळायचो. शेजारच्या टेबलावर बेलारूसची एक बाई बसायची, माझ्याच वयाची, मोजकं बोलणारी. तिचा भाऊ मिन्स्कमध्ये वर्तमानपत्र काढायचा. सरकारनं ते बंद पाडल्यावर त्यानं जाहिरातींची छोटी कंपनी काढली आणि तिच्या जोरावर बातम्यांची वेबसाइट चालवू लागला. तीही वरचेवर बंद पाडली जायची. एक दिवस तिनं मला विचारलं, "इथल्या सर्व्हरवरून चालवता येईल का रे?"

"हीप्स जागा आहे, हवी तेवढी," मी ऐटीत म्हणालो. साहेबांना विचारलं, तर ते "स्वीट अ‍ॅज" म्हणजे 'चालेल की' असं म्हणून कॉफी घ्यायला निघून गेले.

वेबसाइटचं नाव नोंदवायला मालकाचा पत्ता हवा होता. ती घुटमळली. घरचा नको म्हणाली, तिथली पत्रं फोडली जातात. बऱ्याच वेळानं तिनं दुसरा दिला. जुन्या इमारतीतला दोन खोल्यांचा फ्लॅट, भावानं कामासाठी भाड्यानं घेतलेला. तो फारसा कुणाला ठाऊक नव्हता. त्यांची आई तेवढी रोज दुपारी डबा घेऊन तिथं जायची.

"जवळची खूण?" मी विचारलं.

तिला वाटलं, मी थट्टा करतोय. हसत म्हणाली, "पावाच्या दुकानासमोर. तिसरा जिना."

मी तेही टाइप केलं. सगळ्या चौकटी भरलेल्या पाहून मला फार बरं वाटलं, हे आज लिहिताना लाज वाटते. ती नोंद जगात कुणालाही वाचता येते हे मला पक्कं माहीत होतं, माझं कामच ते होतं. पण पत्ता असतो तो पत्र पोचण्यासाठी, यापलीकडे माझी अक्कल धावली नाही. तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

काही महिने सुरळीत गेले. तिकडे भाऊ झोपला की ती इथं दुपारच्या सुट्टीत, सँडविच खात, बातम्या चढवायची. मग तिकडच्या निवडणुका जवळ आल्या आणि माझ्या टेबलावरचा फोन वाजू लागला. नोंदीत तांत्रिक कामासाठी मी तोच नंबर दिला होता. मी हॅलो म्हणायचो, पलीकडे कुणीतरी आहे हे कळायचं, आणि फोन ठेवला जायचा. तीन-चार वेळा असं झालं. एकदा मात्र एक माणूस बोलला. अगदी सभ्य इंग्रजी. वेबसाइटचं नाव घेऊन त्यानं विचारलं, "नोंदीतला पत्ता अजून तोच आहे ना?"

"हो, तोच," मी म्हणालो. वर त्यानं आभार मानले आणि मी "नो वरीज" म्हणालो.

त्यानंतर आठवडाही गेला नाही. सोमवारी ती उशिरा आली आणि उभ्या उभ्याच तिनं सांगितलं. भावाच्या फ्लॅटवर सात माणसं आली. खाली कुणाला काही न विचारता सरळ तिसऱ्या जिन्यानं वर गेली. आई आत ताट वाढत होती. कंप्यूटर नेले, भावालाही नेलं. ती फोन करायला बाहेर गेली तशी मी ती नोंद उघडली, पाहिली आणि पत्ता पुसून टाकला. तिला एक अक्षर बोललो नाही.

लोकांना भडकावल्याबद्दल त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. तिचं घर आणि माझं घर दोन्ही हिल्सबरो या उपनगरात, म्हणून मी तिला रोज गाडीतून घरी सोडू लागलो. ती माझे आभार मानायची. मला जेवण जाईना. शेवटी बायकोला सगळं सांगितलं.

"तिला सांग. आजच्या आज सांग," बायको म्हणाली.

"सांगून तो सुटणार आहे का?" मी तिच्यावरच खेकसलो, आणि आणखी दोन महिने काढले.

एका संध्याकाळी गाडीत ती आपणहून बोलू लागली. चुगली कुणी केली ते आईला कळलं म्हणे. तळमजल्यावरची म्हातारी विधवा. आईला जिन्यात अडवून रोज विचारायची, आज डब्यात काय. आई सगळ्यांदेखत तिच्या दारावर थुंकली. आता त्या जिन्यात तिच्याशी कुणी बोलत नाही, तिचं सामानही कुणी आणून देत नाही. "बरं झालं," ती म्हणाली. तिचा आवाज इतका थंड मी कधी ऐकला नव्हता.

मी एका डेअरीसमोर, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानासमोर, गाडी थांबवली आणि सगळं सांगितलं. नोंद, खूण, तो फोन, मी दिलेलं उत्तर. मला रडू आलं. पर्समधून मोबाइल काढून तिनं आईला फोन लावला. तिकडे सकाळ होती.

ती बराच वेळ बोलली. मला फक्त माझं नाव कळलं. मग ती ऐकत राहिली, आणि फोन बंद करून मांडीवर ठेवला.

"काय म्हणाल्या?"

"तुझं खरं असेल तर तो पत्ता मी दिला, असा अर्थ होतो. आईचं एक मूल तुरुंगात आहे, दुसरं तिला गमवायचं नाही. चुगली त्या म्हातारीनंच केली, म्हणते. पुन्हा हा विषय काढायचा नाही."

"आणि तू काय म्हणालीस?"

"बरं म्हणाले," ती म्हणाली. दार उघडून उतरली आणि उरलेला रस्ता चालत गेली.