पायाखालचा नारळ

आमच्या शाळेचे फुटबॉलचे माने सर काल निवृत्त झाले. कोल्हापुरातल्या निम्म्या पेठांचे खेळाडू त्यांनी घडवले, शाळेला कपाटभर ढाली मिळवून दिल्या. पण काल स्टेजवरची खुर्ची त्यांना टोचत होती. अध्यक्षांचं भाषण चालू होतं आणि टेबलाखाली सरांचा पाय सारखा हलत होता. मग शाल झाली, श्रीफळ हातात आलं आणि निसटून घरंगळत निघालं. ते स्टेजच्या कडेवरून पडणार, तोच सरांनी झेप घेऊन तळपायाखाली नारळ जागच्या जागी थांबवला.

श्रीफळाला पाय! सर ओशाळले. वाकून त्यांनी नारळ उचलला, कपाळाला लावला. मागून कुणी जुना खेळाडू ओरडला, "सर, पास द्या की ओ!" सगळे हसले. सरांनी हसता हसता डोळे पुसले.

मीही हसलो, पण आज सकाळपासून घरात येरझाऱ्या घालतोय. नारळ मिळाला म्हणजे काम गेलं, असं आपण म्हणतो. सरांचं काम तर पायातच राहिलंय. मी आयुष्यभर भूगोल शिकवला. पुढच्या वर्षी नारळ माझ्या हातात येईल. तो निसटला, तर मी नुसता बघत राहीन.