फेक्लाच्या हातातलं पिस्तूल

फेक्लाला घाबरट म्हटलं असतं, तर दूर उत्तरेकडच्या कोडियाक बेटावरची माणसं तोंडावर हसली असती. मासळीच्या कारखान्यात जन्म काढलेली ती बाई. सुरी चालवून चालवून तिचं उजवं मनगट कामातून गेलं होतं, जिभेची धार मात्र शाबूत होती. पण त्या उन्हाळ्यात तिची पाचावर धारण बसली होती, हे खरं.

त्याला कारण तिचा नवरा. हिवाळ्यात इनोकेंतीच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्याचा आवाज गेला. जवळ कान नेला तर पुटपुटणं कळायचं, तेवढंच. त्याआधी दर ऑगस्टला दोघं ओढ्याकाठच्या धुरीघरात सामन मासे धूर देऊन टिकवायला जात. वाटभर हा गडी चर्चमधली स्तोत्रं गात चालायचा. आवाज असा भसाडा, की चर्चमध्ये लोक त्याच्यापासून चार हात लांब उभे राहत. ओढ्यावरचं अस्वलही तो ऐकून आधीच बाजूला होई. फेक्ला त्या गाण्याला आयुष्यभर नावं ठेवत आली होती.

यंदा ती एकटीच गेली आणि रिकाम्या हाताने परतली. धुरीघराचं दार बिजागरीसकट उखडलेलं होतं. चौकटीवर, तिच्या डोक्याच्याही वर, नखांचे ओरखडे होते. हे धुरीघर तिच्या आईचं. एक हंगाम पाठ फिरवली की ओढा ते गिळणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. रात्री ती इनोकेंतीला म्हणाली, "मी पिस्तूल घेते."

"मी येतो बरोबर," तो पुटपुटला.

"दोन पावलं चाललास की धापा टाकतोस. तुला सांभाळू की मासे? घरी बैस."

बंदुकांच्या दुकानात रॉस्को होता. मुख्य भूमीवरून आलेला, बोलका, जरा जास्तच बोलका.

"कशासाठी हवंय, मावशी?"

"आहे काम."

"अस्वलासाठी ना? मग सांग की तसं. हे एकदा कमरेला लागलं, की कितीही मोठं अस्वल..."

"हळू बोल." फेक्लाने दाराकडे पाहिलं. त्याचं नाव घेऊ नये, त्याच्याबद्दल बढाई मारू नये, त्याला ऐकू जातं, असं तिची मावशी सांगायची. इतकी वर्षं फेक्लाने ते निम्मं खरं मानलं होतं. आता पूर्ण मानत होती.

"तो काय दुकानात येणार आहे?" रॉस्को हसला.

"तुझ्याकडे कशाला येईल? मासे माझ्याकडे आहेत."

रॉस्कोने फडक्यावर तीन पिस्तुलं मांडली. तिन्ही एकाच घडणीची, दहा मिलिमीटरच्या गोळीची. फक्त पिढ्या वेगळ्या: कारखान्याने एकामागून एक काढलेली तिसरी, चौथी आणि पाचवी. तिसरी पिढी जुनी, वापरलेली. तिच्या मुठीवर बोटांसाठी खाचा होत्या, पण त्या कुणा आडदांड पुरुषाच्या पंज्याच्या मापाच्या. फेक्लाची बोटं खाचांच्या मधल्या उंचवट्यांवर बसली. चौथीच्या मुठीची पाठ बदलता येत होती. सगळ्यात बारीक पाठ लावल्यावर पंजा पुरला, पण खाचा तिथंही होत्याच. पाचवीची मूठ सपाट. बोटं हवी तिथं ठेवा.

"ही बरी वाटते," फेक्ला म्हणाली.

"थांब, मागे चालवून बघ."

दुकानामागच्या मातीच्या बांधावर तिने तिन्ही चालवली. तिसरीचा धक्का असा बसला, की मनगट मागे वाकलं, उडालेल्या गोळीची रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या फटीतच उभी अडकली आणि पुढची गोळी सुटेना. चौथीचंही तेच. एका हाताने धरली तर पाचवीसुद्धा अडकली. दोन्ही हातांनी आवळून धरली तेव्हा मात्र सुरळीत चालली.

"दोष पिस्तुलात नाही," रॉस्को म्हणाला. "मनगट लुळं पडलं की असं होतं. दोन्ही हातांनी धर. त्याच्यासमोर अडकलं, तर मग संपलंच म्हणून समज."

तिने पाचवी घेतली. 'संपलंच' हा शब्दही तिच्याबरोबर घरी आला.

पुढच्याच आठवड्यात ती ओढ्यावर होती. दार कसंबसं उभं केलं, लाकडं पेटवली. रिमझिम चालू होती. डाव्या हातात कल्ल्यात बोटं घालून मोठा मासा धरला होता, तो टांगायला ती वळली आणि झाडीत काहीतरी जड हललं.

"बाबा, मी माझ्यापुरतं घेतेय," मावशीने शिकवलं होतं तसं ती बोलली. "तू तुझ्या वाटेने जा."

ते थांबलं नाही. डहाळ्या मोडत सरळ तिच्याकडेच येत होतं. धाप ऐकू येत होती.

"कोण आहे?" ती किंचाळली. उत्तर नाही. पानांआड तपकिरी रंग दिसला. डाव्या हातातला मासा टाकायचंही भान राहिलं नाही. उजव्या हाताने तिने पिस्तूल उपसलं आणि चाप ओढला. शेजारच्या खोडाची साल उडाली. तिने त्या तपकिरी रंगाच्या बरोबर मध्यावर नेम धरला आणि पुन्हा चाप ओढला.

काहीच झालं नाही. पुंगळी उभी अडकली होती.

पानं बाजूला झाली. इनोकेंती उभा होता, आपल्या तपकिरी जाकिटात, काखेत फडक्यात बांधलेली, माशाचं सारण भरलेली पोळी. तोंड सताड उघडं होतं. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या.

फेक्लाच्या हातातून मासा आता कुठे सुटला. तो जवळ आला, तिच्या कानाशी वाकला.

"मी ओरडत होतो," तो पुटपुटला. "मघापासून ओरडत होतो गं."

त्या दिवशी दोघांनाही पोळी खाववली नाही. आता इनोकेंती पत्र्याचा डबा गळ्यात अडकवून चालतो आणि पळीने तो बडवतो. अस्वलच काय, गावही वैतागतं. फेक्ला त्याला हळू वाजव असं चुकूनही म्हणत नाही.

पुढे एकदा बाजारात रॉस्को भेटला. "काय मावशी, पिस्तूल काय म्हणतंय? अडकलं नाही ना?"

"एकदाच."

"मग घेऊन ये. स्प्रिंग बदलून बघू, अडकायचं बंद होईल."

"नको," फेक्ला म्हणाली. "आहे तसंच राहू दे."