माझ्या बाटलीतला कोळी

ओहायोतल्या आमच्या कोळ्यांवर संशोधन करणाऱ्या लॅबमध्ये नागपूरचे एक टेक्निशियन काका होते. मायक्रोस्कोपला डोळा लावला की कोळ्याच्या मादीला "थांबा बाई, वळा जरा" म्हणायचे, आणि मागून कोणी आलं की पटकन वहीवर तळहात ठेवायचे. ती वही झाकायची सवय मला सुरुवातीपासून खटकायची.

हवाईच्या एकाच बेटावर सापडणारा एक कोळी मी स्वतः जंगलातून आणून, नाव-गावाच्या चिठ्ठीसह अल्कोहोलच्या बाटलीत ठेवला होता. जात नवी असावी असं मला वाटत होतं. काका रोज विचारायचे, "काय गं, बघू का तुझी बाटली?" मी रोज म्हणायचे, "नको काका, मी मॅनेज करते."

एका दुपारी क्लासहून आले, तर माझी बाटली त्यांच्या टेबलावर आणि आतली माझी चिठ्ठी कचऱ्याच्या डब्यात. काका जागेवर नव्हते. मी तिथल्या तिथे आमच्या लॅबच्या प्रोफेसरांना ईमेल टाकली की हा माणूस माझा शोध ढापतोय.

थोड्या वेळानं काका आले. "बॉलपेननं लिहिलंस होय? अल्कोहोलमध्ये शाई विरघळते ना! बेटाचं नाव जायच्या आत पेन्सिलनं उतरवून ठेवलं. कुठला ते कळलं नाही, तर कोळी फुकट."

मी बाटली उजेडात धरली. नव्या चिठ्ठीवर सुबक अक्षरात बेटाचं नाव होतं. 'कोणी आणला' याच्यापुढे माझं नाव. 'जात कोणी ओळखली' याच्यापुढेही माझंच.

तेवढ्यात प्रोफेसरांनी दारातून काकांना ऑफिसात बोलावलं.

"ही तुझ्याकडे ठेव," म्हणत पेन्सिल माझ्या हातात देऊन काका त्यांच्यामागून गेले.